रुपयाचे अवमूल्यन आणि पगारदाराची शिल्लक

६ जून १९६६ पासून भारत सरकारने रुपयाचे अवमूल्यन अमलात आणले, तेव्हा पोस्टातील वा बँकेतील कोणाच्याही खात्यावरचा एक पैसासुद्धा कमी झाला नाही. पासबुकातील आकडा तोच राहिला, विमा पॉलिसीवरील रक्कम तीच राहिली. तरीही या निर्णयाने मध्यमवर्गात जी अस्वस्थता पसरली, ती निराधार नव्हती. आपल्या शिल्लकेतून काहीतरी काढून घेतले गेले आहे, ही भावना खरी होती. मात्र ते कोणी, केव्हा आणि कोणत्या वाटेने काढून घेतले याचे आकलन बहुधा चुकीचे होते. हा गैरसमज अजूनही टिकून आहे. डॉलरने ९० रुपयांची पातळी ओलांडली, जसे डिसेंबर २०२५ मध्ये घडले, की पगारदार माणूस सराफाकडे जावे की डॉलरमध्ये गुंतवावे, याचा विचार करू लागतो. पण त्याची शिल्लक ज्या कारणाने खरोखर झिजते, त्याकडे त्याचे लक्ष क्वचितच जाते.

प्रथम शब्दांविषयी. सरकार वा मध्यवर्ती बँक जेव्हा चलनाचा ठरवून दिलेला विनिमय दर जाहीरपणे खाली आणते, तेव्हा त्यास अवमूल्यन म्हणतात. बाजारातील मागणी-पुरवठ्यामुळे चलनाचा भाव उतरतो, ती घसरण. स्वतंत्र भारतात अवमूल्यनाचे मोठे प्रसंग तीनच. सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंडाचे अवमूल्यन केले आणि पौंडाशी बांधलेल्या रुपयाने त्याचे अनुकरण केले, डॉलर ३.३१ रुपयांवरून ४.७६ रुपयांवर गेला. पाकिस्तानने त्या वेळी आपला रुपया खाली आणला नाही, त्यामुळे दोन्ही देशांमधील व्यापार ठप्प झाला आणि बंगालमधील तागाच्या गिरण्यांची पंचाईत झाली. १९६६ मध्ये डॉलर ४.७६ वरून ७.५० रुपयांवर नेण्यात आला. तिसरा प्रसंग १ आणि ३ जुलै १९९१ चा. परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम दोन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली असताना दोन टप्प्यांत रुपया सुमारे १८ ते १९ टक्क्यांनी खाली आणला गेला आणि त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेने जवळपास ४७ टन सोने परदेशात तारण ठेवले. मार्च १९९३ पासून विनिमय दर बाजारावर सोपविण्यात आला. त्यानंतर रुपयाची घसरण अनेकदा झाली, परंतु काटेकोर अर्थाने अवमूल्यन झालेले नाही. वृत्तपत्रांत मात्र दोन्ही शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात.

टक्केवारीचाही एक घोळ येथेच दूर करणे इष्ट. १९६६ मधील अवमूल्यन काही ग्रंथांत ३६.५ टक्के, तर काहींत ५७.५ टक्के असे नोंदविलेले आढळते. दोन्ही आकडे बरोबर आहेत. रुपयाचे डॉलरमधील मूल्य ३६.५ टक्क्यांनी घटले, आणि म्हणूनच डॉलरची रुपयातील किंमत ५७.५ टक्क्यांनी वाढली. आयात करणाऱ्याला दुसरा आकडा मोजावा लागतो. ज्याला आयातीशी थेट कर्तव्य नाही, अशा बचतदाराला मात्र या दोहोंपैकी कोणताही आकडा जसाच्या तसा लागू होत नाही.

याचे कारण असे की, रुपयाला दोन मूल्ये असतात. एक बाह्य मूल्य, म्हणजे त्याच्या मोबदल्यात मिळणारे परकीय चलन. दुसरे अंतर्गत मूल्य, म्हणजे त्याच्या मोबदल्यात देशातील बाजारात मिळणारे धान्य, तेल, कापड, घरभाडे, औषधोपचार. अवमूल्यन बाह्य मूल्यावर एका रात्रीत आघात करते. अंतर्गत मूल्यापर्यंत तो आघात पोहोचतो तो वळणावळणाने. खनिज तेल, खाद्यतेल, खते यांसारख्या आयात वस्तू महागतात. त्यांच्यामुळे वाहतूक आणि शेतीचा खर्च वाढतो. मग तो हळूहळू किराणा दुकानातील भावात उतरतो. वाटेत सरकारी अनुदाने, करकपात, व्यापाऱ्यांचा नफा हे सारे त्याला थोडेथोडे अडवितात. रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण अहवालांतील अंदाजांनुसार रुपया ५ टक्क्यांनी घसरला तर चलनवाढीच्या दरात साधारणतः ०.२ ते ०.४ टक्क्याची भर पडते. म्हणजे आघाताचा फार लहान अंश स्वयंपाकघरापर्यंत पोहोचतो. १९६६ नंतरच्या दोन वर्षांत घाऊक किमती दरसाल दहा टक्क्यांहून अधिक वाढल्या हे खरे. पण १९६५-६६ आणि १९६६-६७ या लागोपाठच्या दोन वर्षांत पडलेला दुष्काळ हे त्याचे प्रमुख कारण होते. लोकांच्या स्मरणात दुष्काळ आणि अवमूल्यन एकमेकांत मिसळून गेले आणि दुष्काळाचे बरेचसे पाप अवमूल्यनाच्या माथी बसले.

दोन्ही मूल्यांच्या झिजेची तुलना अधिकृत आकड्यांवरून सहज करता येते. औद्योगिक कामगारांसाठीच्या ग्राहक किंमत निर्देशांकाची १९६० ची मालिका १९८२ च्या मालिकेशी ४.९३ या गुणकाने, १९८२ ची २००१ शी ४.६३ ने आणि २००१ ची २०१६ शी २.८८ ने जोडलेली आहे. या तिन्ही गुणकांचा गुणाकार सुमारे ६६ येतो. अर्थात १९६० मध्ये कामगार कुटुंबाला ज्या वस्तूंसाठी १०० रुपये लागत, त्यांसाठी २०१६ मध्ये ढोबळमानाने ६,६०० रुपये लागू लागले. याच काळात डॉलर ४.७६ रुपयांवरून ६७ रुपयांच्या आसपास गेला, म्हणजे सुमारे १४ पट झाला. ज्या डॉलरच्या चढण्याची एवढी धास्ती वाटते, त्याच्या नोटा कोणी १९६० मध्ये ट्रंकेत ठेवून २०१६ मध्ये बाहेर काढल्या असत्या, तर त्यांतून त्याला पूर्वीच्या वस्तूंपैकी एक-पंचमांशाहून थोड्याच अधिक वस्तू विकत घेता आल्या असत्या. कारण उघड आहे. दरम्यान डॉलरची स्वतःची क्रयशक्तीही अमेरिकेत आठपटीने झिजली होती.

याच गणिताची दुसरी बाजू बचतदाराच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. ५६ वर्षांत किमती ६६ पट होणे म्हणजे दरसाल सरासरी सुमारे ७.८ टक्के वाढ. तेव्हा पुढे सरकणे दूरच, जागच्या जागी उभे राहण्यासाठी बचतीवर कर वजा जाता एवढे व्याज मिळावयास हवे होते. सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीची योजना १९६८ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिचा व्याजदर ४.८ टक्के होता. १९७४-७५ मध्ये घाऊक किमती २५ टक्क्यांनी वाढल्या. त्या वर्षी या निधीवर जास्तीत जास्त ७ टक्के व्याज मिळत होते. एप्रिल १९८६ ते जानेवारी २००० या काळात मात्र हाच दर १२ टक्के होता आणि तोही करमुक्त. त्या पिढीतील प्राध्यापकांना आपल्या शिल्लकेबद्दल जे समाधान वाटले, त्यात काटकसरीचा वाटा होताच. परंतु सेवेचा उत्तरार्ध नेमका त्या चौदा वर्षांत आला, या योगायोगाचा वाटाही काही लहान नव्हता. एप्रिल २०२० पासून हा दर ७.१ टक्क्यांवर आला. मुदत ठेवींची स्थिती याहून बिकट असते, कारण त्यांच्या व्याजावर कर बसतो. ७ टक्के व्याज, ३० टक्के कर आणि ५.५ टक्के चलनवाढ गृहीत धरली, तर उपकर बाजूला ठेवूनही बचतदाराच्या हाती वर्षाअखेर उणे ०.६ टक्का उरतो. पासबुकात मात्र आकडा वाढलेला दिसतो. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ आयर्व्हिंग फिशर यांनी १९२८ मध्ये या भ्रमावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले.

चलनाच्या झिजेचा भार समाजातील कोणत्या वर्गावर पडतो, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध १९२३ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. रुपया स्वस्त झाल्याने निर्यातदारांना होणारा लाभ परदेशातून येत नाही. किमती वाढतात पण मजुरी मागे राहते, त्यामुळे तो लाभ देशातीलच श्रमिकांच्या पदरातून निघतो, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. विनिमय दराच्या स्थैर्यापेक्षा रुपयाच्या अंतर्गत क्रयशक्तीचे स्थैर्य त्यांना अधिक मोलाचे वाटत होते. त्यांची मांडणी वेतनाविषयी होती. मजुरी किमतींच्या मागे राहते, या त्यांच्या निरीक्षणावर पुढे निदान संघटित क्षेत्रापुरता एक उपाय निघाला, तो महागाई भत्त्याचा. तो निर्देशांकाशी जोडलेला असल्यामुळे प्राध्यापकाचे वेतन चलनाच्या झिजेपासून बऱ्याच अंशी सुरक्षित राहते. या संरक्षणाची किंमत १९७४ मध्ये कळून आली. त्या वर्षी चलनवाढ रोखण्यासाठी केंद्र सरकारने कायदा करून वाढीव महागाई भत्त्याची निम्मी रक्कम सक्तीच्या ठेवीत वळती केली, तेव्हा पगारदार वर्गात मोठा असंतोष उसळला.

वेतनाला भत्त्याचे कवच आहे, वेतनातून बाजूला काढून ठेवलेल्या पैशाला ते नाही. पगाराचा रुपया ज्या दिवशी खर्चातून वाचून शिल्लकेत जातो, त्या दिवसापासून तो उघड्यावर पडतो. उशिरा मिळणाऱ्या थकबाकीची गोष्टही हीच. १ जानेवारी २००६ पासून लागू झालेल्या सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी अनेकांच्या हाती काही वर्षांनी आली. २००९-१० पासून पुढील काही वर्षे किरकोळ चलनवाढ १० टक्क्यांच्या आगेमागे होती. दहा टक्के दराने चार वर्षे किमती वाढल्या, तर बिनव्याजी अडकलेल्या १०० रुपयांची क्रयशक्ती ६८ रुपयांइतकीच उरते. थकबाकी पूर्ण मिळाली असे कागदोपत्री सिद्ध करता येते, एवढेच.

रुपयापासून पळून जाऊन बचतीने कोठे आश्रय घ्यावा, या प्रश्नाला भारतीय कुटुंबाचे परंपरागत उत्तर धातू हे आहे. या उत्तरात तथ्य आहे, पण ते सांगितले जाते तितके निरपवाद नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या तीन दशकांत चांदीचा भाव जगभर उतरला आणि चांदीचा रुपया सुमारे दोन शिलिंगांवरून १५ पेन्सांच्या आसपास आला. ही घसरण थांबविण्यासाठी सरकारने २६ जून १८९३ रोजी खाजगी चांदीसाठी टांकसाळी बंद केल्या. तोपर्यंत शेतकऱ्याच्या घरातील चांदीचे वाळे, गोठ, कमरपट्टे हे जणू न पाडलेले रुपयेच होते; अडीअडचणीला ती चांदी नाण्याच्या भावाने मोडता येई. टांकसाळी बंद होताच नाणे आणि चांदी यांची फारकत झाली. रुपया सावरला आणि दागिन्यांतील चांदी पडली. रुपयाचे मूल्य वाचविण्याच्या उपायानेच गोरगरिबांची साठवण उणावली, ही या प्रसंगातील विसंगती चलनाच्या इतिहासात फारशी अधोरेखित झालेली नाही.

सोन्याचे उदाहरण अलीकडचे. १९८० मध्ये सोन्याचा आंतरराष्ट्रीय बाजारातील सरासरी भाव औंसाला ६०० डॉलरहून अधिक होता. १९९९ मध्ये तो ३०० डॉलरच्या खाली गेला. डॉलरमध्ये निम्म्याहून कमी झालेले हे सोने भारतात मात्र महागच झाले, कारण दरम्यान डॉलर सुमारे ८ रुपयांवरून ४३ रुपयांवर गेला होता. आंतरराष्ट्रीय भावाने हिशेब केल्यास रुपयांत ते साधारण अडीचपट झाले. रुपयाच्या घसरणीपासून सोने रक्षण करते, ही समजूत येथपर्यंत खरी ठरते. परंतु त्याच एकोणीस वर्षांत देशातील किरकोळ किमती पाचपटीहून अधिक वाढल्या. म्हणजे १९८० मध्ये घेतलेल्या वेढण्यांनी १९९९ मध्ये घरखर्चाचा निम्माच भार पेलला असता. दागिना असल्यास घडणावळ आणि घट यांची वजावट वेगळी. पुढील पंचवीस वर्षांत सोन्याने ही तूट कितीतरी पटींनी भरून काढली, हेही तितकेच खरे. पण निवृत्तीचे वर्ष काही सोन्याचा भाव पाहून येत नाही. शिवाय सोन्यावर राज्यसंस्थेची दृष्टी असते, हे १९६३ च्या सुवर्ण नियंत्रण आदेशाने दाखवून दिले. चौदा कॅरेटपेक्षा अधिक शुद्धतेचे दागिने घडविण्यावर त्याने बंदी घातली आणि नियंत्रणाचा कायदा १९९० पर्यंत टिकला.

परकीय चलनाचा आश्रयही असाच सशर्त असतो. अर्जेंटिनाचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. तेथे १९९१ च्या कायद्याने एक पेसो म्हणजे एक डॉलर असे समीकरण ठरविले होते आणि सावध नागरिक देशातील बँकांत डॉलरच्या ठेवी ठेवीत. डिसेंबर २००१ मध्ये पैसे काढण्यावर निर्बंध आले. जानेवारी २००२ मध्ये समीकरण मोडले आणि सरकारने डॉलरमधील ठेवी प्रत्येकी १.४० पेसो या दराने पेसोत रूपांतरित केल्या. काही महिन्यांतच बाजारात डॉलर तीन पेसोंच्या पलीकडे गेला. चलनाची निवड त्यांनी अचूक केली होती. ठेव मात्र त्यांनी त्याच सरकारच्या अधिकारक्षेत्रात ठेवली होती. भारतात निवासी व्यक्तीला २००४ पासून उदारीकृत प्रेषण योजनेखाली परदेशी पैसे पाठविता येतात. प्रारंभी मर्यादा २५,००० डॉलरची होती, २०१५ मध्ये ती वर्षाला २,५०,००० डॉलर झाली. तथापि अशी दारे कायम उघडीच राहतात असे नाही. परदेशी समभागांत गुंतविणाऱ्या म्युच्युअल फंडांची एकत्रित मर्यादा संपत आल्यामुळे फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांच्या अशा नव्या गुंतवणुकीला थांबावे लागले होते.

मग डॉलरमधील बचत कोणासाठी सयुक्तिक? ज्याचा पुढील खर्च डॉलरमध्ये आहे, त्याच्यासाठी. परदेशी विद्यापीठाचे ३०,००० डॉलरचे शुल्क जुलै २०११ मधील सुमारे ४४ रुपयांच्या दराने १३.२ लाख रुपये होत होते. ऑगस्ट २०१३ च्या अखेरीस डॉलर ६६ रुपयांच्या घरात गेला आणि तेच शुल्क १९.८ लाख झाले. दोन वर्षांत साडेसहा लाखांचा हा फरक कोणत्याही मुदत ठेवीने भरून निघण्यासारखा नव्हता. असा खर्च पाच-सहा वर्षांवर दिसत असेल, तर त्यासाठीची रक्कम थोडीथोडी त्या चलनातील मालमत्तेत नेत राहणे हा सट्टा नव्हे. उलट सगळी रक्कम रुपयात ठेवणे हाच सट्टा होय. ज्याचा खर्च सांगली, नांदेड वा फोंडा येथेच व्हावयाचा आहे, त्याच्या बाबतीत हे उलटे होते. त्याला भय असावे ते स्थानिक किमतींचे. त्यातही औषधोपचाराचा खर्च कुटुंबाच्या प्रत्यक्ष अनुभवात निर्देशांकातील सरासरीपेक्षा वेगाने वाढू शकतो. त्याच्या दृष्टीने दीर्घ मुदतीची रक्कम काही अंशी समभागांत, काही अंशी करमुक्त व्याजाच्या निधीत, मर्यादित अंशी सोन्यात, आणि नजीकच्या दोन-तीन वर्षांच्या गरजेपुरती रक्कम मुदत ठेवीत, अशी विभागणी युक्त ठरते. प्रमाण वयावर आणि निवृत्तिवेतनाच्या स्वरूपावर अवलंबून. एक गोष्ट मात्र बचतीच्या चर्चेत हमखास विसरली जाते. चलनाची झीज ज्याप्रमाणे ठेवीदाराला लुबाडते, त्याप्रमाणे ऋणकोला सवलत देते. स्थिर व्याजदराचे दीर्घ मुदतीचे गृहकर्ज घेतलेल्या पगारदाराचा हप्ता तोच राहतो आणि महागाई भत्त्यासह वेतन वाढत जाते.

देशातील सर्वांत मोठा ऋणको शासन स्वतः आहे. त्यामुळे भाववाढीशी जोडलेले रोखे सर्वसामान्यांना देण्यात ते फारसे उत्साही नसते, हे स्वाभाविकच. ब्रिटनने १९७५ मध्ये वृद्धांसाठी अशी बचतपत्रे काढली, अमेरिकेने १९९८ मध्ये किरकोळ बचतदारांसाठी तसे रोखे सुरू केले. भारतात डिसेंबर २०१३ मध्ये ग्राहक किंमत निर्देशांकाशी निगडित राष्ट्रीय बचत रोखे आले. चलनवाढीचा दर अधिक १.५ टक्के असे त्यांचे व्याज होते. पगारदाराच्या शिल्लकेला महागाई भत्ता देण्याचा तो जवळपास एकमेव प्रयत्न होता. व्याज करपात्र होते, ते मुदतीअंती एकदम मिळावयाचे होते आणि त्या वेळी साध्या मुदत ठेवींवरच ९ टक्के मिळत होते. त्यामुळे प्रतिसाद अल्प राहिला आणि मार्च २०१४ अखेर विक्री बंद झाली. दहा वर्षांच्या मुदतीचा रोखा तीन-साडेतीन महिन्यांच्या प्रतिसादावरून निकालात काढणे घाईचेच म्हणावे लागेल.

या रोख्यांची उणीव महाराष्ट्रातील अध्यापकांच्या एका पिढीला विशेषत्वाने जाणवणार आहे. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी सेवेत आलेल्यांच्या निवृत्तिवेतनावर महागाई वाढ मिळते, म्हणजे उतारवयातही भत्त्याचे कवच टिकते. त्या तारखेपासून पुढे नियुक्त झालेल्यांना परिभाषित अंशदान योजना लागू झाली आणि पुढे ती राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीत विलीन झाली. त्यांच्यापुरता वेतन आणि शिल्लक यांतील भेद निवृत्तीच्या दिवशी संपतो. त्यानंतर शिल्लक हेच वेतन. या प्रणालीत शासकीय सेवकाला वयोमानानुसार निवृत्तीच्या वेळी जमा रकमेच्या किमान ४० टक्क्यांतून वर्षासन, म्हणजेच ॲन्युइटी, विकत घ्यावे लागते. सर्वसाधारण वर्षासनाची रक्कम रुपयात ठरलेली असते आणि ती वाढत नाही. दरमहा २०,००० रुपयांचे असे वर्षासन साठाव्या वर्षी सुरू झाले आणि किमती दरसाल ६ टक्क्यांनी वाढत राहिल्या, तर बहात्तराव्या वर्षी त्याची क्रयशक्ती १०,००० रुपयांच्या आत येते आणि चौऱ्याऐंशीव्या वर्षी ५,००० रुपयांच्याही खाली जाते. दरसाल ठरावीक टक्क्यांनी वाढणारे वर्षासनही विमा कंपन्यांकडे मिळते. त्याचा पहिला हप्ता लहान असतो, म्हणून निवृत्तीच्या वेळी ते सहसा डोळ्यांत भरत नाही. पर्यायाच्या अर्जावर सही करण्यापूर्वी दोन्ही प्रकारांचे विसाव्या वर्षाचे आकडे लेखी मागून घेता येतात.